वरच्या पलंगाची गादी

घर लहान आणि मुलं दोन असली, की दुमजली पलंग, म्हणजेच बंक बेड, सोयीचा वाटतो. आपण त्याचा रंग पाहतो, शिडी हलवून पाहतो. गादीचा विचार मात्र शेवटी करतो. पण वर झोपणाऱ्या मुलाची सुरक्षितता गादीच्या जाडीवरही अवलंबून असते.

गादी जितकी जाड, तितका बाजूचा कठडा ठेंगणा पडतो. अमेरिकेतील सुरक्षा नियमानुसार कठडा गादीच्या किमान ५ इंच वर असावा लागतो. म्हणजे गादीखालच्या फळीपासून कठडा ११ इंच उंच असेल, तर गादी ६ इंचांहून जाड नको.

लांबी-रुंदी पलंगाच्या आतल्या मापाचीच हवी. कडेला फट राहिली, तर त्यात हात-पाय अडकू शकतात.

आता आधाराचं. वाढत्या पाठीला फार मऊ, खोल दबणारी गादी नको. काथ्याची किंवा घट्ट फोमची गादी चांगली. कापसाची असेल, तर ऊन दाखवा आणि गोळे झाले की पिंजून घ्या. खालच्या फळ्या एकमेकींपासून फार लांब असतील, तर चांगली गादीही मध्ये खचते.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. ६ वर्षांखालील मुलाला वर झोपवू नका. छताचा पंखा मुलाच्या हाताला लागणार नाही, इतका दूर आहे ना, हे पलंग मांडण्याआधीच तपासा. मोजपट्टी घेऊन दिलेली ही दहा मिनिटं तुमच्या लेकरांची झोप निर्धास्त करतील.