फुरशाचं विष आणि परदेशी लस

कोकणच्या सड्यांवर आढळणारं फुरसं आपल्या ओळखीचं. त्याचंच एक भाऊबंद घाना, नायजेरियाच्या शेतशिवारात असतं. कुळ एक, पण विष तंतोतंत सारखं नाही. सर्पदंशावरची लस घोड्याला थोडं थोडं विष टोचून तयार करतात, आणि ज्या सापाचं विष टोचलं त्यालाच ती नीट लागू पडते.

घानात २००४च्या सुमारास एका भागात लस बदलली. नवी लस भारतीय सापांच्या विषावर बनलेली होती. दंश झालेल्यांमधले मृत्यू शेकडा दोनच्या आतून थेट बारावर गेले! आधीची गुणकारी फ्रेंच लसही पुढे बंद झाली. गरीब शेतकऱ्यांच्या औषधात नफा कुठला? तिच्या शेवटच्या साठ्याची मुदत २०१६मध्ये संपली.

लस चालली का, हे मात्र खेड्यातही कळतं. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर विष अंगात भिनलंय. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी करतात. तेव्हाही रक्त पातळच राहिलं, तर आणखी लस द्यावी लागते.