नोंद स्वतःचीही व्हावी





पोलिसांइतक्या नोंदी ठेवणारे खाते विरळाच. स्टेशन डायरी, केस डायरी, पंचनामा, मर्गचे म्हणजे अकस्मात मृत्यूचे कागद. तळ्यातून काढलेल्या लेकराच्या अंगावर कोणते कपडे होते, डोके कोणत्या दिशेला होते, हे सारे आपला अंमलदार टिपतो. ते टिपताना त्याच्या मनाचे काय झाले, याची नोंद कुठेच होत नाही. सरकारी कागदात ती होऊही नये. पण तिला कुठेतरी जागा हवी. ड्युटी संपण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःपुरते, दहा-पंधरा मिनिटे बोलून ठेवावे, आवाजाची रोजनिशी ठेवावी, एवढेच मी आज सुचवतो आहे.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, मध्ये जंगल. केशोरी, चिचगड, सालेकसा या भागांत पोलिसांच्या कित्येक तुकड्यांनी नक्षलवादाच्या सावटाखाली नोकरी केली. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेचा बंदोबस्त, तो उरकतो न उरकतो तोच महामार्गावरचा अपघात, मग कुणाच्या तरी दारात मृत्यूची खबर घेऊन उभे राहणे. घरून फोन आला की “सगळं ठीक आहे” म्हणायचे, कारण घरच्यांचा जीव टांगणीला लावायचा नसतो. सहकाऱ्याला सांगितले तर हा खचला असे वाटेल, साहेबांना सांगितले तर शेरा बसेल. माणूस गप्प राहतो, आणि ती गप्प राहण्याची सवय झोप बिघडवते, दारूकडे नेते, मुलांवर निघते.

हे मनातले लिहावे तर दिवसभर लिहून हात आणि मन दोन्ही थकलेले असतात. शिवाय लेखणी हाती घेतली की “सदर इसम”, “नमूद ठिकाणी” अशीच भाषा उतरते. बोलताना माणूस झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, छत्तीसगढीत, म्हणजे आपल्या घरच्या बोलीत येतो. दुःख त्याच बोलीत खरे सांगता येते. आणि आवाज साठवायला नेटवर्क लागत नाही, म्हणून जंगलातल्या दूरक्षेत्रातही हे जमते.

असे मन मोकळे करण्याला अभ्यासाचा आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आघातांबद्दल लिहायला लावले. लिहून झाल्यावर त्यांना लगेच अधिक वाईट वाटले. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. बोलून व्यक्त होण्याचा परिणामही लिहिण्यासारखाच होतो, असे १९९४ च्या एका अभ्यासात दिसले. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आले तर घाबरू नका. पण दिवसेंदिवस तेच प्रसंग उगाळले जात असतील, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर रेकॉर्डिंग थांबवून समुपदेशकाकडे जा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता सावधगिरीचे. केस डायरी न्यायालय मागवू शकते, आरोपीला ती मागता येत नाही. कायद्याने तिला तेवढे कवच दिले आहे. तुमच्या खासगी आवाजाला तसले कवच आहे असे समजू नका. म्हणून खबऱ्याचे नाव, पीडितेची ओळख, गुन्ह्याचा तपशील, मोहिमेची जागा यांतले काही बोलू नका. बोला ते स्वतःबद्दल. फोनला कुलूप हवे, आवाज आपोआप इंटरनेटवर चढता कामा नये. ऐकून किंवा न ऐकता पुसून टाकला तरी हरकत नाही, बोलणे तर झालेले असते.

वरिष्ठांनाही स्पष्ट सांगतो. साप्ताहिक सुट्टी रद्द करून अंमलदाराच्या हाती एक ॲप देणे म्हणजे कल्याण नव्हे. रजा, पुरेसे मनुष्यबळ आणि माणसाला झेपतील एवढे कामाचे तास यांची जबाबदारी खात्याचीच आहे; रोजनिशीने ती कमी होत नाही. आणि ही रोजनिशी खात्याने ऐकायची ठरवली, तिचा आढावा मागितला, तर त्या दिवसापासून कुणीही खरे बोलणार नाही.

म्हणून पोलिसांच्या या परिषदेने आज तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे: ही रोजनिशी पूर्णपणे ऐच्छिक राहील, तिच्यासाठी ड्युटीच्या वेळेतलीच पंधरा मिनिटे मिळतील, आणि ती कुणीही, कोणत्याही कारणाने मागणार नाही असे पोलीस अधीक्षकांच्या सहीचे परिपत्रक प्रत्येक ठाण्यात व दूरक्षेत्रात लागेल.