पेढीवरील माणसे आणि आपले कर्तव्य



आपल्या चेंबूरलगत, देवनार येथे टाटा समाजविज्ञान संस्था आहे. 1936 साली स्थापन झालेल्या या संस्थेत कामगार कल्याण व मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण मिळत आले आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले होते. परंतु आपल्या पेढीवर माणसे असतात चार. तेथे कल्याण अधिकारी कोण? अर्थात स्वतः मालकच. म्हणून कायद्याचे ज्ञानही त्यानेच मिळवावयास हवे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 अमलात आली. तदनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यावयाचे, वेतनचिठ्ठी द्यावयाची आणि काम सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे. ‘पुढच्या महिन्यात ये, बघू’ असे सांगण्यास आता वाव नाही. अडलेल्या पगारापायी त्याच्या घरचे भाडे आणि मुलांची फी अडते.

सणावारी दिलेली बक्षिशी स्तुत्यच. परंतु तिने पगाराची भरपाई होत नाही. दान हे ऐच्छिक असते, वेतन हे ऋण होय. ते वेळेवर फेडावे, एवढीच नम्र विनंती.