पगाराची दरी आणि आपण
(व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आम्ही आपणांपुढे एक साधा हिशेब मांडणार आहोत. समजा, जळगावच्या किंवा धुळ्याच्या एम.आय.डी.सी.त काम करणाऱ्या एका कामगाराला महिना १५,००० रुपये मिळतात. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. दुसरीकडे लार्सन अँड टुब्रो या नामांकित कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांचा २०२३-२४ या वर्षाचा मोबदला ५१.०५ कोटी रुपये होता. आपल्या कामगाराला तेवढी रक्कम मिळवायला किती वर्षे लागतील? २,८०० हून अधिक. म्हणजे तथागतांच्या जन्माआधी कामावर लागलेला कामगार एक पैसाही खर्च न करता आजपर्यंत राबला असता, तर त्याची कमाई आता कुठे त्या एका वर्षाच्या मोबदल्याएवढी झाली असती!

हे आकडे आपल्याला कळतात ते कायद्यामुळे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी अहवालात सांगावे लागते, की संचालकाचा मोबदला आपल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. मधला म्हणजे सर्वांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले तर बरोबर मध्ये येणारा. वरील कंपनीत हे प्रमाण ५३४ पटीहून अधिक निघाले.

आता सरकारी नोकरीकडे पाहा. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० रुपये आणि कॅबिनेट सचिवाचे २,५०,००० रुपये ठरविले. प्रमाण सुमारे १४ पट. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याला १४ पट पुरतात, तर एका कंपनीच्या प्रमुखाला शेकडो पट का लागावेत, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

काही विद्वान म्हणतील, वरिष्ठांची जबाबदारी मोठी, बुद्धी मोठी, जोखीमही मोठी. जबाबदारीचा मोबदला असावा, हे आम्हांलाही मान्य आहे. पण जोखमीचे काय? कंपनी तोट्यात गेली की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? बॉयलरजवळ उभा कोण असतो? आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वरच्याचे ५० कोटी काढून ५० हजार कामगारांना वाटले, तर प्रत्येकाच्या हाती वर्षाला १० हजारच पडतील. म्हणून प्रश्न केवळ वाटून घेण्याचा नाही. कोणाच्या श्रमाची किंमत कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे. वरच्याचा पगार ठरवायला समिती बसते, सल्लागार येतात. खालच्याचा पगार मात्र दारात उभी असलेली बेकारांची रांग ठरविते.

शिवाय या ५३४ पटीत खरी दरी दिसतच नाही. ठेकेदाराच्या मस्टरवरचा कामगार कंपनीच्या त्या रांगेत उभाच नसतो. आपल्या खानदेशातील बहुतेक दालमिली, जिनिंग, चटई व पाइपचे लहान कारखाने शेअर बाजारात नाहीत. त्यांना हे प्रमाण जाहीर करण्याचे बंधन नाही. केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुराचा हिशेब तर कुठल्याच अहवालात नसतो.

बंधुभगिनींनो, ही दरी आपल्या समाजाला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या खानदेशाच्या वेशीवर, मनमाडला, त्यांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत भाषण केले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. साधा पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी तेथेच बजावले. पगाराच्या दरीत जातीची दरी मिसळलेली असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. आज त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले तेही १९४६ मध्येच. त्याच १९४६ साली अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, कामगार हुतात्मे झाले. आणि जानेवारी २०२५ मध्ये वर उल्लेखिलेल्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास कामाची आणि रविवारीही कामाची इच्छा बोलून दाखविली! ४८ तास हे कोणी दान दिलेले नाहीत. आपण विसरलो तर ते जायला वेळ लागणार नाही.

संविधानाचा अनुच्छेद ४३ निर्वाह वेतनाविषयी बोलतो, अनुच्छेद ३९ संपत्ती मोजक्या हातांत साचू नये असे सांगतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनात काय बसावे ते ठरविले: कुटुंबाचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन व दिवाबत्ती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. विद्यार्थ्यांनो, आपल्या वडिलांच्या पगाराशी ही यादी एकदा ताडून पाहा.

मग आपण काय करावे? नोकरीला लागाल तेव्हा पगारपत्रक मागून घ्या, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही ते पाहा. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला शिका. आणि एकटे राहू नका, संघटनेत या.

शेवटी एक कटू बोल. आज आपल्यातही काही जण अधिकारी, ठेकेदार, कारखानदार झाले आहेत. त्याचा आम्हांला अभिमान आहे. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली: शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण यांतले काय देतो? दुसऱ्याचा हिशेब मागण्याआधी आपला हिशेब चोख असू द्या. मग मागताना आवाज कापणार नाही.