मजुरी सूर्यास्ताच्या आत



नाताळ तोंडावर आलाय. मला बोलायला सांगितलंय ते ‘पवित्र शास्त्र आणि आपलं रोजचं जीवन’ या विषयावर. विषय एवढा ऐसपैस की त्यात काहीही बसवता येईल, आणि दहा मिनिटांत काहीच बसणार नाही. म्हणून मी एकच वचन घेते. लेवीय, अध्याय एकोणीस, वचन तेरा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही, असं तिथं सांगितलंय. बस्स, एवढंच. यावर प्रवचन ऐकल्याचं तुम्हांला आठवतंय का? मला तर आठवत नाही, आणि उपासना मी सहसा चुकवत नाही.

त्याच अध्यायातलं अठरावं वचन मात्र आपल्या शब्बाथशाळेतल्या लहान पोरालाही पाठ असतं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ते वचन. प्रभू येशूनं दुसरी मोठी आज्ञा म्हणून तेच सांगितलं. आपण ते रंगीत अक्षरांत लिहून, चौकट करून, दिवाणखान्यात लावतो. पण त्याच्या पाचच वचनं अलीकडे ही मजुरी आहे, आणि अध्यायाच्या शेवटाकडे खरा तराजू नि खरी मापं. शेजाऱ्यावरची प्रीती अशी मजुरी आणि मापांच्या मधोमध बसवलेली आहे. आपण ती तिथून उचलली आणि भिंतीवर टांगली.

आता अनुवादाचं पुस्तक काढा, अध्याय चोवीस. तिथं कारणही दिलंय. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या, कारण तो माणूस गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला आहे. नाही दिली तर तो देवाकडे गाऱ्हाणं करील आणि तुमच्या माथी पाप येईल. त्याच्या जरा अलीकडे आणखी एक सूर्यास्त आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळताना ते परत करा, त्याला रात्री ते अंगावर घ्यायचं असतं. आणि तिसरा सूर्यास्त पौलाचा, इफिसकरांच्या पत्रातला, रागावर सूर्य मावळू देऊ नका असा. हा तिसरा आपल्याला बरोब्बर ठाऊक असतो. लग्नात नवरानवरीला तो ऐकवल्याशिवाय पाळकसाहेब खाली बसत नाहीत. रागाचा सूर्यास्त लक्षात राहिला आणि मजुरीचा राहिला नाही. का ते उघड आहे. राग सोडायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे कुठं मजूर आहेत? आम्ही नोकरदार माणसं. बरं. तुमच्या घरी धुणीभांडी कोण करतं? इस्त्रीचे कपडे कोण आणून देतं? दाराची बिजागरी बसवून गेलेला सुतार, नळ दुरुस्त करणारा, घराला रंग देणारा, नाताळचे ब्लाऊज शिवणारा शिंपी, हे कोण आहेत? आणि त्यांना आपण काय सांगतो? सुट्टे नाहीत. साहेब बाहेर गेलेत. पुढच्या रविवारी ये. एक तारखेला बघू. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगितलंय. पैसे जवळ असताना शेजाऱ्याला ‘जा, उद्या ये, उद्या देतो’ असं म्हणू नये. शलमोनाच्या काळी तर नाणीसुद्धा नव्हती, चांदी तोलून द्यायची, तरी बहाणा हाच होता. आणि आता सुट्ट्यांचं निमित्तही उरलेलं नाही, भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते.

हे बघा, मजुरी ही तव्यावरच्या भाकरीसारखी असते. भाकरी टम्म फुगली की ती तशीच भुकेल्याच्या ताटात पडायला हवी. तुम्ही ती फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलीत आणि सकाळी दिलीत, तर पीठ तेवढंच, वजनही तेवढंच. हिशोब म्हणाल तर कुठं चुकला नाही. पण भूक रात्रीची होती. काही जण मला सांगतात, उशीर झाला तर आम्ही वर पन्नास रुपये जास्त देतो. म्हणजे शिळ्या भाकरीवर तुपाची धार. वाईट नाही. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईनं त्या रात्री वाण्याकडून उधार आणलं, पोराची शाळेची फी चुकली, नवऱ्याची बोलणी खाल्ली, ते त्या तुपानं भरून निघत नाही. शिळी भाकरी मलाही आवडते हो, लसणाच्या चटणीबरोबर. पण आदल्या रात्री पोटभर जेवलेल्या माणसालाच ती आवडते. आणि मुख्य म्हणजे ती भाकरी तुमची नाहीच. काम झालं त्या घटकेला ती तिची झाली. नुसती तुमच्या टोपलीत पडून आहे. म्हणून पैसे देताना उपकार केल्यासारखा चेहरा करायचं काही कारण नाही.

पुन्हा सांगते, कारण आत्ताच कुणीतरी चहा गाळायला उठलं असेल: मजुरी सूर्यास्ताच्या आत.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. धनी पहाटे जातो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासालाही जातो, नि माणसं कामाला लावतो. शेवटच्यांनाही पहिल्यांइतकाच एक दिनार देतो. त्यावर देवाच्या कृपेची प्रवचनं आपण पुष्कळ ऐकली, आणि ती खरीच आहेत. पण दाखल्यात पैसे कधी वाटले जातात? संध्याकाळ झाल्यावर. धनी स्वतः कारभाऱ्याला सांगतो, कामकऱ्यांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. कुणी दारात ताटकळत नाही. पहाटेपासून राबलेल्यांचे ठरलेले पैसेही त्याच संध्याकाळी चुकते होतात. कृपा आहे, पण कुणाची मजुरी अडवून नाही. आपल्याला कृपा वाटायची घाई असते. नाताळला मावशींना साडी, त्यांच्या पोरांना केक नि खाऊ. आणि नोव्हेंबरचा अर्धा पगार अजून बाकी! साडी द्या, जरूर द्या. पण आधी बाकी द्या.

यिर्मया तर याहून कडक आहे. बाविसावा अध्याय. यहोयाकीम राजा ऐसपैस घर बांधत होता. मोठ्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, लाल रंग, आणि बांधणाऱ्यांना मजुरी नाही. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण करून देतो. तोही खातपीत होता, पण तो गरिबाचा न्याय करायचा. आणि मला ओळखणं ते हेच नव्हे काय, असं देव विचारतो. जरा थांबून ऐका. देवाला ओळखण्याची खूण म्हणून इथं गरिबाचा न्याय सांगितलाय. उपवास नाही, रात्रभराची प्रार्थना नाही.

हे मला सारखं आठवतं ते नाताळच्या आधी. मंडळीला रंग देतात, मांडव घालतात, विजेच्या माळा सोडतात. मी कुठल्या मंडळीचं नाव घेत नाही, तुम्हीही कान टवकारू नका. पण रंगाऱ्याला सांगितलं जातं, सणाचं अर्पण गोळा होऊ दे, मग बघू. अहो, त्याचा सण कधी? पंचकमिटीत हा विषय काढला की उत्तर मिळतं, देवाचं काम आहे, तो थांबेल. देवाचं काम आहे म्हणूनच त्यानं का थांबावं? आणि याकोबाचं पत्र काढून बघा, पाचवा अध्याय. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी तिथं स्वतः ओरडते, आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं. त्याच वेळी आपली गायनमंडळीही गात असते. दोन्ही आवाज एकाच कानावर पडतात, एवढं लक्षात असू द्या.

सरकारी कायद्याचं विचाराल तर १९३६ साली पगाराचा कायदा झाला. हजाराहून कमी कामगार असतील तिथं महिना संपल्यावर सात दिवसांत आणि मोठ्या ठिकाणी दहा दिवसांत पगार द्यायचा, असं त्यात होतं. तो कारखान्यांसाठी, रेल्वेसाठी. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा आला, चांगलं झालं. पण एक तारखेला तुमच्या स्वयंपाकघरात कुणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथं तुम्ही, ती बाई आणि लेवीय एकोणीस.

आणि ती बाई वाचते बरं का! पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू-ग्रीकशी झुंजून, अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. कशासाठी? कष्टकरी बाईला आपलं आपण वाचता यावं म्हणून. तेव्हा तुमच्या घरच्या मावशींनी ओटा पुसता पुसता तुमच्याच टेबलावरचं ते पुस्तक उघडलं आणि नेमका हाच अध्याय निघाला, तर त्यांना काय सांगाल? सुट्टे नाहीत?

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवतायत, दोन मिनिटं राहिली. मला अजून दशांशाबद्दल बोलायचं होतं. पुदिना, बडीशेप आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्यांना प्रभूनं काय सुनावलं, ते मत्तय तेविसाव्यात आहे; घरी वाचा. घासाघिशीबद्दलही राहिलं. जुन्या करारात लाबानानं याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली; आपणही काम ठरवताना एक आकडा आणि देताना दुसरा, असं करतो की नाही? आणि आपल्या नगर भागात हे बोलताना ऊसतोडीची उचल वगळून चालणारच नाही. तिथं पैसे आधी मिळतात, मुकादमाकडून, कोयत्यामागे; मग ती उचल फिटेपर्यंत नवराबायको दोघं फडात. म्हणजे उशिरानं दिलेली मजुरी जशी माणसाला अडवते, तशी आधी दिलेलीही बांधून घालू शकते. आणि त्यावर शास्त्रात ऋणमुक्तीच्या सातव्या वर्षाचा... नाही, वेळ नाही. ते पुन्हा कधीतरी, बोलावलंत तर.

आज रविवार आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ आधी. उपासनेहून घरी जाताना शिंप्याच्या दुकानावरूनच जावं लागतं, सणाच्या दिवसांत ते उघडंच असतं. ब्लाऊज तर तुम्ही मागच्याच आठवड्यात नेलेत ना?