बाळाचा पहिला घास

बहादरपूर म्हणजे बऱ्हाणपूरच्या केळीच्या पट्ट्यातलं गाव. इथं बाळाच्या पहिल्या घासासाठी बाजारातल्या डब्याची गरज नाही.

सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीही नको. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करावं. पिकलेलं केळं वाटीत चमच्याच्या पाठीनं मऊ चेचा. पहिल्या दिवशी एक-दोन चमचे पुरे. बाळ जिभेनं घास बाहेर ढकलतं, तोंड वाकडं करतं. आजी म्हणते, "याला आवडत नाही गं!" तसं नसतं. गिळायला ते अजून शिकतंय. दोन दिवसांनी पुन्हा द्या.

मग मऊ वरण-भात, खिचडी, वर थोडं तूप. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये, इतपत घट्ट ठेवा. वरणाच्या नुसत्या पाण्यानं पोट भरतं, पण अंग धरत नाही. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा भरवा. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा.

वर्षाच्या आत मध चाटवू नका; त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. फुटाणे, शेंगदाणे लहानग्यांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

शेवटची गोष्ट स्वच्छतेची. २०२२ साली बऱ्हाणपूर हा देशातला पहिला 'हर घर जल' (घरोघरी नळाचं पाणी) प्रमाणित जिल्हा ठरला. नळ दारात आला आहे. भरवण्याआधी साबणानं हात तेवढे धुवा.