एक पाहुणा, दोन विरह

वयात येणाऱ्या मुलाचे प्रेम मराठी कथेला नवे नाही. परंतु ते दुसऱ्या तरुणावर जडले असता त्या मुलाला स्वमुखाने बोलू देणारे पुस्तक विरळाच. विजय तेंडुलकरांच्या १९८१ सालच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात मुलीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची व्यथा येते ती तिचा स्नेही बापू याच्या निवेदनातून. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत अशी मध्यस्थी नाही.

पुण्यातील मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. तनय त्याच्यावर जीव जडवतो, बहीण अनुजाही. एके दिवशी अनुजा त्याच्यासवे निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परतते. घर हादरते, संतापते. पण तिने काय गमावले, हे सर्वांना उमगते. तनयनेही तोच माणूस गमावला आहे. त्याची विचारपूस कोणी करावी? आईवडील दुष्ट नाहीत, हे विशेष. त्यांना या दुःखाची कल्पनाच नाही. म्हणून अनुजा रोजनिशी लिहिते, तर तनय निघून गेलेल्या त्या माणसालाच 'तू' म्हणून सारे सांगत राहतो.

कादंबरी आली तेव्हा असे संबंध गुन्हा ठरत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तो डाग पुसला. घरातील पंगत मात्र निकालपत्रावर चालत नाही. इंदूर जिल्ह्यातील सांवेरसारख्या गावी मुलगा कोणाबरोबर हिंडतो, ही वार्ता दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचते. तेथील एखाद्या तनयला हे पुस्तक क्रमिक पुस्तकाच्या वेष्टनात दडवूनच वाचावे लागेल.